ज्वारीच्या दाण्यांत रग्बीचा निकाल

नोकरीतली बरीच प्रकरणे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र अजून वेगळे राहिले आहे. घरात मी त्याची गोष्ट काढली की मुले आधी हसतात, कारण तिची सुरुवात रग्बीपासून होते. मीही तेव्हा हसलो होतो.

त्या वर्षी मी अक्कलकुव्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. माझा जन्म याच डोंगरातला. घरी पावरी बोलतो, मराठी शाळेत शिकलो, आणि घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. त्यामुळे लिहिण्यात कुठे अडखळलो तर समजून घ्यावे. नावे कोणाचीच देत नाही. ती माणसे अजून तिथेच राहतात आणि त्यांना तिथेच राहायचे आहे.

दिवाळी होऊन गेली होती. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या तयारीत होत्या, म्हणून आठवडे बाजाराला गर्दी जास्त होती. आमचे हवालदार बंदोबस्ताला उभे होते. शहाद्याकडचे, अहिराणी बोलणारे, निवृत्तीला आलेले गृहस्थ. डोंगरातल्या एका गावाची आशाताई, म्हणजे आरोग्य खात्याची आशा सेविका, कोथिंबिरीच्या वाट्याजवळ त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि भाव विचारत विचारत तिने खबर दिली. ठाण्यात आली असती तर संध्याकाळपर्यंत सगळ्या डोंगराला कळले असते.

हवालदार थेट माझ्या खोलीत आले.

"साहेब, आशाताईनी एक गोट सांगी. तुम्ही हासशात."

"सांगा तर."

"बाजारमा तो जडीबुटीवाला बाबा बससे ना, तो रग्बीना निकाल पहिलेच सांगी देस."

"रग्बी?"

"अंडासारखा चेंडू ऱ्हास म्हने. इदेशमा खेळतस."

मी हसलो. मग त्यांनी उरलेले सांगितले. गावातल्या एका लहान पोराला ताप येत होता, उतरत होता, पुन्हा येत होता. घरचे त्याला दवाखान्यात नेत नव्हते. बाबाने दाणे पाहून सांगितले होते की हे एका बाईचे काम आहे. गावाने बाई ठरवली होती. येत्या रविवारी दुपारी गाव बसणार होते आणि त्या बाईला डाकीण ठरवून हाकलून देणार होते. हाकलताना काय होते हे आमच्या भागात कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

स्टेशन डायरीला नोंद करून आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी गावात गेलो. गाव म्हणजे दोन पाडे, एक वरच्या टेकडीवर, एक खाली. मध्ये ओढा. घरे लांब लांब. हाक मारली तर ऐकू जाईल, पण रोज भेटणे होत नाही, अशी.

पोलीस पाटलांच्या अंगणात वरच्या पाड्याचा एक तरुण भेटला. तळोद्याला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होता. मला वाटले, हा आपल्या बाजूचा निघेल.

"तू शिकलेला आहेस. तुला हे पटतं?"

"आधी पटलं नव्हतं, साहेब. म्हणून तर तपासलं."

"कसं तपासलं?"

"तो सामन्याच्या आधी देश सांगतो. मी नंतर मोबाइलवर निकाल पाहतो. एकदाही चुकला नाही. क्रिकेटचं सांगितलं असतं तर मी मानलं नसतं, क्रिकेटचं इथे बकऱ्या चारणारेही सांगतात. पण हा खेळ या डोंगरात कोणाला ठाऊक आहे? त्याला तरी कोण सांगणार?"

त्याच्या बोलण्यात खोट सापडेना. मीही कॉलेजात असतो तर असेच तपासले असते, असे वाटून गेले.

मग मी त्या बाईकडे गेलो. ती वरच्याच पाड्याची. पन्नाशीची, नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन गुजरातेत. ती अंगणात तूर पाखडत होती. दाराशी एक गाठोडे बांधून ठेवलेले होते. सोबत महिला कॉन्स्टेबल होती. मी पावरीत बोललो, तशी तिने मान वर केली.

"दादा, तू आमच्यातलाच दिसतोस. मग विचारतोस कशाला?"

"तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. तक्रार दे. त्या माणसाला आजच आत घेतो."

"कसली तक्रार? तो खोटं बोलत नाही."

मला वाटले, घाबरली आहे. तसे तिला म्हटलेही. तिने सूप खाली ठेवले.

"गुडघ्याला पाला घ्यायला मी त्याच्याकडे जात होते. त्याने मलाही देश सांगितले. त्या कॉलेजातल्या पोराला निकाल पाहायला लावला मी. तीनदा सांगितलं, तीनदा खरं निघालं. ज्याला समुद्रापलीकडचं दिसतं त्याला माझ्या पोटातलं दिसणार नाही?"

"तुझं तुला काय वाटतं?"

तिने दाराशी ठेवलेल्या गाठोड्याकडे पाहिले. मग म्हणाली, "ते पोर माझ्याकडे यायचं. मी त्याला शेंगा दिल्या होत्या. त्यानंतर ताप आला. आता मला काय वाटायचं आहे? रविवारी कोणी बोलायच्या आधीच मी निघून जाईन. लेकीकडे नाही जाणार. तिच्याही पोरांना काही झालं तर?"

नोकरीत मी बरेच निरपराध लोक पाहिले. त्यातला प्रत्येक जण 'मी केलं नाही' असे सांगत होता. आपण अपराधी नाही हे ज्याला स्वतःलाच ठाऊक नाही, असे माणूस मी पहिल्यांदा पाहत होतो.

त्या दिवशी एक काम झाले. आशाताईने पोराच्या आजीला गाठले आणि पोर आमच्या गाडीतून ग्रामीण रुग्णालयात आले. हिवताप निघाला. औषध सुरू झाले. पण बाप म्हणत राहिला की बाई गावात आहे तोवर औषध लागणार नाही. गावात बंदोबस्त ठेवून मी परत आलो.

जादूटोणाविरोधी कायद्याखाली सरकारतर्फे फिर्याद देऊन बाबाला अटक करता येत होती. कागदावर ते सोपे होते. पण त्याला नेले असते तर त्याचे सांगितलेले खोटे ठरले नसते, उलट खरे बोलणाऱ्याला पोलिसांनी नेले असे झाले असते. आणि बाई गाठोडे उचलून गेलीच असती. म्हणून आधी एक गोष्ट समजायला हवी होती. हा माणूस निकाल सांगतो कसा?

तळोद्याच्या एका क्रीडाशिक्षकांना मी फोन केला. सामन्यांचे अंदाज बांधतात कसे, असे विचारले.

"मागचे निकाल बघायचे, मैदान कोणाचं आहे, कोण जायबंदी आहे, पाऊस आहे का, ते बघायचं," ते म्हणाले. "बलाढ्य संघ बहुतेक वेळा जिंकतो. पण अधूनमधून एखादा छोटा देश उठतो आणि सगळ्यांचे अंदाज पाडतो. कधीच न चुकणारा मला अजून भेटला नाही. तुम्हाला भेटला असेल तर माझ्याकडे पाठवा, संघ निवडायला घेतो."

मीही मोबाइलवर दोन-तीन सामने पाहिले. चेंडू घेऊन पुढे धावायचे, पण साथीदाराला द्यायचा तो मागे. हे समजायलाच मला वेळ लागला. ठाण्यात मग सगळ्यांनाच नाद लागला. पुढचा सामना न्यूझीलंड आणि आयर्लंडचा होता. ठाणे अंमलदार म्हणायचे, न्यूझीलंडचे काळे कपडेवाले सामन्याआधी नाचून दाखवतात, तेच जिंकणार. एक शिपाई म्हणाला, नाचायला काय, आमचा मामाही नाचतो. हवालदारांनी भिंतीवरच्या नकाशात बराच वेळ बोट फिरवले आणि म्हणाले, "साहेब, आयर्लंड शे कोठे? माले सापडेना."

शुक्रवारी मी बाबाला चौकशीसाठी बोलावले. चाळिशीचा माणूस, स्वच्छ सदरा, खांद्याला पाल्याची पिशवी. त्याला घाई नव्हती.

"तुला सिद्धी आहे म्हणतोस?"

"मी काही म्हणत नाही, साहेब. लोक म्हणतात."

"रग्बी कुठे शिकलास?"

"शिकलो नाही. दाणे सांगतात."

"दाण्यांना न्यूझीलंड कसं माहीत?"

"दाण्यांना नाव लागत नाही. ही एक बाजू, ही दुसरी. कोण पडणार तेवढंच त्यांना कळतं."

मी दरडावले, गोड बोललो, गप्प बसून पाहिले. चौकशीत गप्प बसण्याचा बहुतेकांवर परिणाम होतो, समोरचा ती शांतता भरायला काहीतरी बोलून जातो. याने तसे केले नाही. शेवटी त्यानेच विचारले, "उद्याच्या सामन्याचं पाहू का, साहेब?"

मी हो म्हटले. त्याने पिशवीतून मूठभर ज्वारी काढून टेबलावर टाकली, बोटाने दाणे दोन बाजूंना सारले आणि वाकून माझ्या कानाशी म्हणाला, "न्यूझीलंड. पण निकाल लागेपर्यंत तोंडातून काढायचं नाही. काढलं तर दाणा उलटतो. मग मला दोष देऊ नका."

पुन्हा हजर राहण्याची नोटीस देऊन मी त्याला सोडले. जाताना तो बाहेरच्या बाकावर चहा पिऊन गेला.

आता जे सांगतो त्याचे मलाही नवल वाटते. त्याने मला काय सांगितले ते मी ठाण्यात कोणालाच सांगितले नाही. मी कायद्याचा माणूस, त्याचे खोटे पकडायला बसलेलो. पण लहानपणी आई बडव्याकडून, म्हणजे गावच्या भगताकडून, दाणे पाहून आली की काम होईपर्यंत ओठ मिटून असायची. आम्ही विचारले तर डोळ्यांनी दटावायची. दाण्याचे बोल तिसऱ्या कानात जाऊ द्यायचे नाहीत, हे आमच्या घरात कोणाला शिकवावे लागले नाही. मी पदवी घेतली, वर्दी घातली, आणि ते तसेच आत राहिले होते.

रविवारी सकाळी निकाल आला. न्यूझीलंड जिंकले होते. मी खुर्चीत बसून राहिलो. गाव दुपारी बसणार होते आणि माझ्याच टेबलावर सांगितलेले खरे निघाले होते. क्षणभर मला वाटले, खरेच काही असेल का?

तेवढ्यात हवालदार आत आले. तोंड उतरलेले.

"साहेब, मन्हाकडथीन चूक व्हयनी."

"काय झालं?"

"परवा त्या बाबानी चहा पेताना माले बी दाना पाही दिन्हा. कोनले सांगू नको म्हने. पन रातले जेवताना मी बायकोले सांगी टाकं. म्हनीसन दाना उलटा पडना."

"थांबा. त्याने तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"आयर्लंड जिकी, म्हने."

मी उठून उभा राहिलो. हवालदारांना वाटले मी रागावलो. ते म्हणाले, "बायकोनी कोनले नही सांगं, साहेब, तिन्ही आन घी ल्या."

"हवालदार, मला त्याने न्यूझीलंड सांगितलं होतं."

हवालदार टोपी काढून बाकावर बसले आणि हळू आवाजात बाबाला एक शिवी दिली. ती इथे लिहीत नाही.

एका खोलीत एक देश आणि बाहेरच्या बाकावर दुसरा. एवढेच होते ते. ज्याचे खरे निघते तो उघडपणे चार लोकांना सांगतो. ज्याचे उलटे निघते तो गप्प बसतो, कारण आपल्याच तोंडून कुठेतरी निसटले असणार, असे त्याला वाटते. आणि खरोखर निसटलेले असतेच. गोष्ट पोटात पूर्ण ठेवणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

बाबाला महामार्गालगतच्या त्याच्या खोलीतून ताब्यात घेतले आणि त्याला घेऊन आम्ही वर गेलो. पोलीस पाटलांच्या अंगणात दोन्ही पाडे जमले होते. बाई लांब कुंपणाशी गाठोडे घेऊन उभी होती. महिला कॉन्स्टेबल तिच्या शेजारी. पोराचा बाप सगळ्यांत पुढे बसलेला.

भाषण केले असते तर कोणी ऐकले नसते. मी हवालदारांना म्हटले, तुम्ही सांगा. वर्दीतला तो माणूस उभा राहिला आणि आपण बायकोला कसे सांगितले, दाणा कसा उलटला, ते अहिराणीत सांगू लागला. बाजारामुळे सगळ्यांना ती भाषा समजते. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. एक म्हातारी म्हणाली, "बायकोला सांगितलंस ते बरं केलंस, नाहीतर तू झोपेत बडबडताना तिने ओळखलं असतं."

मग मी सांगितले, "याच सामन्याचं त्याने मला दुसरं सांगितलं होतं."

हसणे थांबले. दोन्ही पाड्यांत उलटे निघालेले लोक असणार हे मला ठाऊक होते, पण लाज मोठी असते. त्या वेळी गावचा म्हातारा बडवा बोलला. तो आयुष्यभर गावासाठी दाणे पाहत आला होता. मला वाटले होते तो विरोधात जाईल.

"निकाल लागून गेले ना?" तो म्हणाला. "बंदी निकालापर्यंतची. आता तोंड मोकळं आहे. ज्याचं उलटं निघालं त्याने बोलावं."

खालच्या पाड्याचा एक म्हातारा घसा खाकरून उठला. "माझं उलटं निघालं होतं. पण मी माणसाला सांगितलं नव्हतं. बैलाला सांगितलं. मला वाटलं यात बैल मोजत नसतील."

"कोणता देश सांगितला होता?" बडव्याने विचारले.

"फ्रान्स."

"मला त्याच सामन्याला दुसरा सांगितला," वरच्या पाड्याचे कोणीतरी म्हणाले.

मग एकेक जण बोलू लागला. एक बाई म्हणाली, मी झोपेत बोलले असेन. एकाने मित्राला नुसती खूण केली होती. एक तर उभा राहून म्हणाला, "मी खरंच कोणाला सांगितलं नव्हतं. पण कोणाला सांगून पटलं असतं?" बडव्याने उलटे निघालेल्यांना एकीकडे उभे केले. अंगण भरत गेले. दुसऱ्या बाजूला थोडीच माणसे राहिली, आणि त्यांत तो कॉलेजातला तरुण होता.

तो समोरच्या गर्दीकडे पाहत होता. "म्हणजे आम्ही फक्त उरलेले," तो म्हणाला. "मी निकाल तपासला, साहेब. दुसऱ्यांना काय सांगितलंय ते नाही तपासलं."

"तूही ये," बडव्याने बाईला हाक मारली. "तुलाही त्याने सांगितलंय ना? मग तुझी जागा इथे आहे."

ती आली. खरे निघालेल्यांतले एक-दोघे सरकले. तरुण सरकला नाही. ती त्याच्या शेजारी उभी राहिली आणि समोरच्या बाजूला उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला तिने विचारले, "तुला काय काय सांगितलं होतं?" म्हाताऱ्याने सांगितले. तिने पुढच्या बाईला विचारले, मग तिच्या पुढच्याला. ती एकेकाला विचारत सगळ्या रांगेसमोरून गेली. तिला कोणी अडवले नाही. शेवटच्या माणसाला विचारून झाल्यावर ती तिथेच जमिनीवर बसली.

पोराचा बाप बाबाच्या अंगावर धावला. मी मध्ये पडलो. "मला नाव कशाला घ्यायला लावलंस?" तो ओरडत होता.

बाबा ठाण्यात सगळे बोलला. पूर्वी तो गुजरातेत एका कारखान्याच्या कँटीनमध्ये कामाला होता. तिथल्या टीव्हीवर हा खेळ लागत असे. सुरुवात केली ती फक्त पाला विकला जावा म्हणून. वरच्या पाड्याला एक देश, खालच्या पाड्याला दुसरा. ज्या पाड्याचे खरे निघाले तिथे पुढच्या वेळी ओढ्याजवळच्या घरांना एक, लांबच्यांना दुसरा.

"रग्बीच का?" मी विचारले. मला ते मनापासून जाणून घ्यायचे होते.

"क्रिकेट सगळ्यांना कळतं. फुटबॉलमध्ये बरोबरी होते, मग दोघेही खोटे ठरतात. रग्बीत कोणीतरी हरतंच, साहेब. बरोबरी क्वचित."

"आणि ती बाई?"

तो पहिल्यांदा खाली पाहू लागला. "मी नाव घेतलं नाही. पोराचा बाप रोज यायचा. तुला परदेशातलं दिसतं, माझ्या घरातलं दिसत नाही का, म्हणायचा. मी म्हटलं, एकटी बाई आहे. नाव त्यांनीच घेतलं."

ते खरे होते, आणि त्याने त्याचा गुन्हा कमी होत नव्हता. गुन्हा दाखल झाला, तो न्यायालयापुढे गेला. पोराचा ताप औषधाने उतरला.

या प्रकरणाने मला काय शिकवले हे नीट मांडता येईल की नाही, ठाऊक नाही. त्याआधी मी समजत होतो की न शिकलेला माणूस फसतो आणि शिकलेला तपासून पाहतो. इथे तपासणाराच सर्वांत घट्ट अडकला होता, कारण त्याच्यापुढे फक्त बरोबर निघालेले उत्तर येत होते. तेव्हापासून कोणी कितीही खात्रीने काही सांगू लागले की, ज्यांचे चुकले ते कुठे आहेत, असे मी मनात विचारतो. ते बहुतेक वेळा जवळच असतात. त्यांना कोणी विचारलेले नसते. आणि एखाद्या मोठ्या सामन्याचा अंदाज वर्तमानपत्रात आला की मी तो आवडीने वाचतो. अंदाज बांधण्यात वाईट काही नाही. चुकलो तर चुकलो म्हणता आले पाहिजे.

बाई त्या रविवारीच संध्याकाळी फिर्याद द्यायला तयार झाली. मी तिचा जबाब मराठीत लिहून घेतला आणि रीतीप्रमाणे तिला पावरीत वाचून दाखवला. अंगठा द्यायला शाईची डबी पुढे केली. तिने हात मागे घेतला.

"एक राहिलं."

"काय?"

"लिही, मी डाकीण नाही."

मी समजावले की डाकीण असे काही नसतेच, कायदाही तेच म्हणतो, म्हणून ते वाक्य लिहायची गरज नाही.

"तुझ्यासाठी नसेल," ती म्हणाली. "लिही."

मी लिहिले. तिने ते वाक्य मला पुन्हा वाचायला लावले, फक्त तेवढेच. मग तिने अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर घट्ट दाबून धरला.